आईने मागितलेली माफी

आईने माफी मागायला नको होती.

आज तिला जाऊन वर्ष झालं. माझं मत अजून तेच आहे.

माझी आई, रूथ. युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाई करायची आणि दर रविवारी आमच्या चर्चमध्ये संडे स्कूल घ्यायची. पप्पा गेल्यावर तेवढाच आधार होता तिला.

एकदा ओव्हरटाइममुळे उशीर झाला, रिक्षा मिळेना, म्हणून सुपरवायझरने तिला बाइकवरून सात रस्ता चौकापर्यंत सोडलं.

ते लीलाबाईंनी पाहिलं. लीलाबाई म्हणजे चर्चमधलं मोठं प्रस्थ.

पुढच्याच महिला सभेत त्या उभ्या राहून म्हणाल्या, "मुलांना शिकवणाऱ्या बाईचं जीवन शुद्ध पाहिजे."

नाव घेतलं नाही. गरजच नव्हती.

चर्चच्या पाळकसाहेबांनी आईला सांगितलं, "संडे स्कूल राहू द्या, थोडे दिवस आराम करा."
ते थोडे दिवस कधी संपलेच नाहीत.

आई भांडली नाही. शेवटच्या बाकावर बसायला लागली. शेजारच्या खोलीतून मुलांची गाणी ऐकू यायची, तेव्हा तिचे ओठ हलायचे. मला बघवायचं नाही.

दोन वर्षांनी लीलाबाईंना लकवा मारला, वाचाही गेली. मी आईला सांगितलं.

घरच्या शिलाई मशीनवरून मान वर न करता ती म्हणाली, "बरं झालं."

ऑनेस्टली, मलाही तेच वाटलं.

पण संध्याकाळी ती चप्पल घालून दारात उभी.

"चल, लीलाबाईंकडं जाऊन येऊ. माफी मागायची हाय."

"कुणी? तू?"

"त्यांचं तोंड वाकडं झालं आन् मला गोड लागलं. लई घाण हाय की गं हे."

"आई, त्यांनी तुझं नाव खराब केलं!"

"ते त्यांचं. हे माजं हाय."

लीलाबाईंच्या खाटेजवळ ती खालीच बसली. म्हणाली, "तुमी पडल्याचं ऐकून मला आनंद झाला, बाई. माफ करा."

त्यांची सून चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी राहिली.
लीलाबाई छताकडे बघत राहिल्या.

बाहेर आल्यावर मी आईवर ओरडले. भर रस्त्यात.

तरी पुढे दर बुधवारी ती त्यांची वेणी घालायला जायची! हळूहळू लीलाबाईंची वाचा परत आली. पण आईसाठी चर्चमध्ये एक शब्द बोलल्या नाहीत.
एक वाक्य पुरलं असतं. एक.

आईच्या अंत्यविधीला पाळकसाहेब म्हणाले, "शुद्ध अंतःकरणाची भगिनी."
मी दात आवळून बसले. ती जिवंत असताना का नाही बोललात, साहेब?

आज सकाळी घरी स्मरणप्रार्थना होती. लीलाबाई वॉकर घेऊन आल्या. माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "माझं चुकलं गं."

मी म्हटलं, "मला नका सांगू. सगळ्यांसमोर बोला."

त्यांनी हात सोडला. खोलीभर नजर फिरवली.
आणि गुपचूप खुर्चीत बसल्या.

मी सगळ्यांना चहा दिला. त्यांना दिला नाही.

आई, मला माहीत आहे, तू असतीस तर आत्ताच्या आत्ता मला त्यांच्या घरी पाठवलं असतंस.
मी जाणार नाहीये. निदान आज तरी नाही.

माझं मन साफ नाही. ही श्रद्धांजली तशीच घे.

प्रभूजवळ सुखात राहा, आई.