कटंगीला जळालेला डबा

नागपूरच्या एका हॉटेलातला बँड बंद पडला आणि त्यांचं सामान विकायला निघालं. त्यातून मी रिव्हर्बचा एक डबा आणला. गिटारचा सूर रिकाम्या सभागृहात वाजल्यासारखा घुमावा, यासाठीचं ते यंत्र. आत पत्र्याच्या चौकटीत दोन लांब स्प्रिंगा ताणलेल्या. सूर एका टोकाकडून त्यांना हलवतो आणि दुसऱ्या टोकाला ती थरथर उचलली जाते. दोन्ही टोकांना, जुन्या रेडिओत असायचा तसा, एकेक काचेचा व्हॉल्व्ह.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. मी बालाघाटला सरकारी कचेरीत हिशेब तपासायचो आणि हौसेनं लग्नांत, शारदोत्सवात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. गाणारा माझा शाळेपासूनचा मित्र. त्या सुमारास माइकवाले जुने व्हॉल्व्हचे अँप्लिफायर काढून ट्रान्झिस्टरचे घेत होते. त्यामुळे व्हॉल्व्ह भंगारात सहज मिळायचे.

डबा आला तसा कामाचा नव्हता. घुमारा एवढा, की एक सूर विझायच्या आत दुसरा त्यात कालवला जाई. स्प्रिंगा हलवणारा व्हॉल्व्ह ८३ नंबरचा होता, तो फार जोर लावायचा. त्या जागी मी ८१ लावून पाहिला, मग ८२. एकाच नंबरचे दोन व्हॉल्व्हही सारखे नसतात. एक खरखरतो, दुसऱ्यावर पेन्सिलीनं टिचकी मारली तर स्पीकरमध्ये घंटा वाजते. शिवाय संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज उतरायचं, म्हणून प्रत्येक व्हॉल्व्ह दिवसा आणि दिवेलागणीला असा दोनदा ऐकायचा, हा माझा नियम.

"कचेरी सुटली तरी तुझं ऑडिट सुटत नाही बे," मित्र म्हणायचा. पण डोळे मिटून तोही ऐकत बसायचा. थरथर आवरायला स्प्रिंगांच्या मधोमध मी लोकरीची पट्टी टेकवली आणि एका ८२ वर गिटार हवी तशी वाजली, तेव्हा तोच ओरडला, "बस! आता हात नको लावू, तुले शपथ आहे."

मार्चअखेरीला कटंगीला कार्यक्रम आला. मला रजा मिळणं शक्य नव्हतं. माझ्या जागी गिटार वाजवणाऱ्यासाठी मित्रानं डबा मागितला, मी दिला. तो परतला तो हात हलवत.

"जळला यार. धूर निघाला, मंग वास आला. तुमसरच्या मिस्त्र्याले दाखवला. तो म्हणते, आतलं समदं वितळलं. फेकूनच देलं मंग."

"अन् फ्यूज?"

"फ्यूज त उडालाच नाही."

डब्यापेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं. फ्यूज मी बसवला होता, किती अँपिअरचा हवा हे मीच काढलं होतं. काही बिघडलं तर आधी फ्यूज जायला हवा, यंत्र नाही. म्हणजे माझाच हिशेब चुकला. मी तो आकडा पुन्हा पुन्हा मांडून पाहिला. दर वेळी बरोबरच यायचा, त्यामुळे चूक माझ्या डोळ्यांनाच दिसत नाही असं वाटू लागलं. शेजाऱ्यांच्या इस्त्र्या, रेडिओ मी आवडीनं दुरुस्त करायचो, ते सोडलं. उद्या कुणाचं घर पेटलं तर? कचेरीतही बेरीज करून झाल्यावर दुसऱ्याला तपासायला द्यायचो. पंधरा वर्षांच्या नोकरीत असं कधी केलं नव्हतं. बायको म्हणाली, "तुमाले झालं तरी काय? भाजीचा हिशेबही मले विचारता." पुढे मित्र गोंदियाच्या मोठ्या ऑर्केस्ट्रात गेला, तेव्हा बसस्टँडवर त्याला निरोप देताना डब्याबद्दल माफी मी मागितली. तो म्हणाला, "जाऊ दे न बे, होते असं."

वर्षानं बायकोच्या नात्यातलं लग्न रामपायलीला होतं. मांडवात गोंदियाचा ऑर्केस्ट्रा, आणि गायला हाच. पहिल्या गाण्यात ओळ संपवून तो थोडा थांबला. त्या थांबण्यात त्याचा आवाज रिकाम्या सभागृहातल्यासारखा मागे रेंगाळत राहिला. मी बायकोच्या हातात ताट दिलं आणि उठलो.

मध्यंतरात स्टेजमागे गेलो. पेट्यांच्या आड माझा डबा होता. रंग नवा दिलेला, पण मागची फळी मीच कापलेली. स्विच बंद करून, तार काढून ती उघडली. गळ्याला घुमारा जास्त मिळावा म्हणून पट्टी काढून टाकलेली, ८२ च्या जागी पुन्हा ८३. आणि माझा फ्यूज, शाबूत.

मित्र चहा घेऊन आला आणि मला पाहून थबकला.

"तू? इथं काहून?"

"हा जळलेला ना?"

त्यानं चहा एका पेटीवर ठेवला. मग म्हणाला, "गोंदियावाल्यानं तोंडावर सांगतलं, असा आवाज आणशील त घेतो. तुले मागतला असता त तू देला असता?"

"नसता दिला."

"मंग? तुले कुठं जायचं होतं बे? तुही नोकरी, तुहं घर. जायचं मले होतं."

"डबा नेला ते एक झालं," मी म्हणालो. "पण फ्यूज उडाला नाही, असं काहून सांगतलं? उडाला म्हटलं असतं तरी चाललं असतं."

तो खरंच गोंधळला. "त्याच्यानं काय फरक पडते?"

त्याला आठवतही नव्हतं. तोंडाला आलं ते बोलून गेला होता.

"घेऊन जा," तो म्हणाला. "पण तमाशा नको करू, पाव्हण्यांत." व्हॉल्व्ह तापलेले होते. डबा दुपट्ट्यात गुंडाळून मी बायकोशेजारी येऊन बसलो.

"हे काय आणलं?" तिनं विचारलं.

"आपलाच आहे," मी म्हणालो. "हिशेब बरोबर होता."

दुसरा भाग सुरू झाला. सवयीनं तो प्रत्येक ओळीनंतर थांबत होता आणि आता त्या जागी नुसती शांतता पडत होती. एकदा त्यानं मागे वळून अँप्लिफायरकडे पाहिलंसुद्धा. लोकांना काही कळलं नाही. टाळ्या पहिल्याइतक्याच पडल्या. तिसऱ्या गाण्यापासून त्यानं थांबणं सोडलं, ओळीला ओळ जोडून गाऊ लागला आणि ते गाणं चांगलं झालं. जवळ बसलेल्या एका पाहुण्यानं तर शिटी वाजवली.

मी ऐकत राहिलो. ज्या डब्यावाचून त्याचं दोन गाण्यांत भागलं, त्याच्यासाठी मी वर्षभर स्वतःला चुकीचा समजत होतो.