शौक, पेशा आणि आमचा एडका

निजामावरच्या पोलीस ॲक्शनला चारेक वर्षं झाली होती. पालमजवळच्या आमच्या गावात नवी मराठी शाळा निघाली होती आणि मी तिथं मास्तर होतो. मेंढरं राखणाऱ्याच्या घरातला पहिला मास्तर, म्हणजे वडिलांच्या लेखी कलेक्टरच्या एकच पायरी खाली. अशा वेळी मला विमान शिकायची दुर्बुद्धी झाली.

त्याचं असं झालं. ट्रेनिंगसाठी हैदराबादला गेलो असताना एका ओळखीच्या माणसानं मला दोघांच्या विमानात बसवून दहा मिनिटं फिरवून आणलं. खाली उतरलो तेव्हा सदरा घामानं भिजला होता आणि डोक्यात दुसरं काही उरलं नव्हतं. तिथल्या विमानशाळेला अर्ज केला, तर त्यांचा फॉर्म आला. त्यात एक प्रश्न होता : शिकायचं ते शौक म्हणून की पेशा म्हणून? नको तो शब्द खोडा. शौकवाल्यांनी महिन्यातून एखाद्या रविवारी यायचं. पेशावाल्यांनी नोकरी सोडून तिथंच राहायचं, सरकारी वजिफ्यावर, म्हणजे विद्यावेतनावर.

मला रविवारी नाही, रोज उडायचं होतं. पण वडील हो म्हणाल्याशिवाय शब्द खोडायची माझी छाती नव्हती.

"म्या मेंढरं पोटासाठी वळतो," वडील म्हणाले, "तर आता मेंढरू दिसलं की डोळे मिटावं वाटतंय. ढोल शौकानं वाजवतो. एकदा लग्नात बिदागी घेतली, तर महिनाभर ढोलाला हात लावू वाटंना. आवडीची गोष्ट पोटाला बांधू न्हाई. मास्तरकी कर, आन् रविवारी काय उडायचं ते उड."

"दादा, रविवारी उडून मन भरतंय का?"

"मन भरू न्हाईच. भरलं की इटतंय."

दोन दिवस हाच वाद चालला. शेवटी गोष्ट म्हसोबावर गेली. आमच्यात अडल्या कामाचा कौल एडका देतो. त्याला देवापुढं उभा करायचा, पाठीवर पाणी शिंपडायचं आणि विचारायचं. त्यानं अंग झाडलं की देव हो म्हणाला. मग त्याच एडक्याचं गावाला जेवण. मेंढरं बघवत नाहीत म्हणणाऱ्या वडिलांनी कळपातला लाडका एडका काढला. आई मेलेलं ते पिल्लू त्यांनी शेळीच्या दुधावर वाढवलं होतं.

फॉर्म त्याच दिवशी दुपारच्या मोटारीनं गंगाखेडच्या टपालात पडायला हवा होता. गावाला त्याची फिकीर नव्हती. सकाळपासून घरोघरी मसाला वाटून तयार होता.

भगतानं पाणी शिंपडलं. "देवा, पोरगं शौकासाठी उडावं का?"

एडका रवंथ करत उभा.

"पोटासाठी उडावं का?"

रवंथ चालूच. तासभर हेच चाललं. मग मंडळींची भूक बोलायला लागली. एकजण म्हणाला, "दिवसा शौक आन् राती पेशा, असं इचारा." दुसरा म्हणाला, "परभणीपस्तोर शौक, फुडं पेशा." एका म्हातारीनं याचे दोनाचे चार हात करावेत का, हेही विचारून घेतलं. एडक्याचं कशावरच मत नव्हतं. तेवढ्यात एक पाव्हणा, ज्याचा या प्रकरणाशी जेवणापुरताच संबंध होता, म्हणाला, "उडूच न्हाई का, ते तरी इचारा की!" भगतानं विचारलं. एडक्यानं रवंथ थांबवली. मी पुढं सरकलो. एडका मुतला आणि पुन्हा रवंथ करू लागला. मुतणं म्हणजे हो की नाही, यावर दोन आळ्यांत भांडण जुंपलं.

लांब रस्त्यावर मोटारीचा धुरळा दिसला. वडील उठले. "सरका," म्हणाले आणि भगताच्या हातातला तांब्या घेतला. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं.

"देवा, पोरानं पोटासाठी उडावं का?" असं म्हणून त्यांनी पाणी एडक्याच्या पाठीवर नाही, सरळ कानात ओतलं.

कानात पाणी गेलं की मेंढरू शिंगापासून शेपटीपर्यंत अंग झाडतं. आम्हा धनगरांच्या पोराटोरांनाही हे ठाऊक असतं. तिथं बसलेले निम्मे लोक धनगर होते, पण भुकेपुढं कुणी तोंड उघडलं नाही. "दिला रं कौल!" म्हणून सगळे ओरडले आणि भंडारा उधळला. मी तिथंच गुडघ्यावर फॉर्म ठेवून 'शौक' खोडलं आणि मोटारीमागं पळालो.

परत आलो तर पंगत बसलेली. वडील बाजूला कोरडी भाकरी मोडत होते. दात दुखायलाय म्हणाले.

"दादा, तुमी कानात पाणी ओतलं."

"म्हसोबाला कमी ऐकू येतंय." आणि वर म्हणाले, "आता रोज उड. पण इटलास तर मला सांगायला यिऊ नको."

मला फार रडू आलं. रडत रडत मी दोनदा वाढून घेतलं.

पुढं मला विमानानं टपाल नेण्याचं काम मिळालं. तीच थैली, तोच रस्ता, तेच ढग. तिसऱ्या वर्षी मी इतका विटलो, की सुट्टीत कुणी विमान दाखवलं तर मान वर करत नसे. गावी आलो की वडील विचारायचे, "आजून आवडायलंय का?"

"लय," मी म्हणायचो.

ते मान डोलवायचे आणि मेंढरं घेऊन माळाकडं जायचे.