डोळे मिटून बसणाऱ्यांचे उद्योग

दहा-बारा माणसं डोळे मिटून गप्प बसली, तर तिथे घडणार काय, असं मलाही वाटायचं. पण रिटायर झाल्यावर कॉलनीच्या हॉलमधल्या सकाळच्या ध्यानवर्गाला जाऊ लागलो आणि माझ्याकडे किस्से साठू लागले. लग्नाच्या पंगतीतही इतकं घडत नाही. घरी येऊन बायकोला सांगतो, तर ती म्हणते, "तुम्ही डोळे मिटता तरी कधी?"

वर्ग घेतात वैदेहीताई. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पुण्याहून लग्न होऊन नागपूरला आलेल्या, आवाज असा की मोबाइलसुद्धा आपणहून सायलेंटवर जावा. आणि वर्गाचे हिरो म्हणजे बंडूभाऊ. कळमन्याच्या बाजारात संत्र्याचे अडते. सगळं आयुष्य लिलावात ओरडण्यात गेलेलं. बीपी वाढलं म्हणून शोभावहिनींनी नवऱ्याला धरून आणलं.

पहिल्या आठवड्यात ताई म्हणाल्या, "मनात विचार आला तर त्याला हाकलू नका. 'हा विचार' असं नुसतं ओळखायचं आणि परत श्वासाकडे यायचं."

बंडूभाऊंनी हे ओठातल्या ओठात करायला घेतलं. पण त्यांचं ओठातल्या ओठात म्हणजे आपला लाउडस्पीकर. "विचार... काटोलचा ट्रक काहून नाही आला? विचार... उद्या माल कमीच येते. विचार... भाव चढते मग."

मी एक डोळा उघडून पाहिलं, तर मागच्या रांगेतल्या दोघीजणी चपला घालून निघाल्या होत्या. त्या दिवशी आमच्या चौकातल्या गाडीवरची संत्री सकाळीच संपली.

एकदा ताईंनी सांगितलं, "आज अजिबात हलायचं नाही. पायाला मुंग्या येतील, खाज सुटेल. नुसतं पाहा. येते, राहते, जाते."

खरंच माझ्या पायाला मुंग्या आल्या. पोटरीवर चढल्या. मी पाहत राहिलो. गुडघ्याशी पोचल्या, तरी पाहत राहिलो. इतकी स्पष्ट संवेदना आजवर कधी झाली नव्हती. बाकीचे अजून श्वासातच अडकलेत आणि आपण बरेच पुढे निघालो, म्हणून मनातून मी फार खूश होतो.

शेजारून शोभावहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, काल इथं कोणाच्या तरी पोराचा वाढदिवस झाला. तुम्ही केकवर बसले आहा."

मग तो संत्र्याचा दिवस. ताईंनी प्रत्येकाच्या हातावर संत्र्याची एक फोड ठेवली. आधी पाहायची, मग वास घ्यायचा, मग जिभेवर ठेवायची, घाई करायची नाही. बंडूभाऊ हसले. "ताई, आता संत्रं मले शिकवता का?"

आणि फोड जिभेवर ठेवली. सगळ्यांची फोड संपली, यांची तोंडातच. बऱ्याच वेळानं डोळे उघडून बायकोकडे वळले. "शोभा, हे एवढं गोड राहते का वं?"

"तुम्ही घरी खाल्लं कधी? दिवसभर तेच पाहतो म्हणता."

दुसऱ्या दिवशी म्हणे ते कळमन्यात आपल्याच ढिगासमोर, फोड तोंडात ठेवून, डोळे मिटून उभे राहिले. घेणाऱ्यांना वाटलं, माल बिघडलेला निघाला. दोघांनी बोली मागे घेतली.

एका सकाळी फक्त ऐकायचं होतं. जवळचे आवाज, दूरचे आवाज. नंतर ताईंनी एकेकाला विचारलं. कोणी कुकरच्या शिट्ट्या ऐकल्या होत्या, मी कोणाची तरी सुरू न होणारी स्कूटर. बंडूभाऊंची पाळी आली.

"हिच्या बांगड्या," ते म्हणाले. "श्वास घेतला का थोड्याशा वाजते. घरी कधी आयकू नाही आल्या."

वहिनींनी पदर सारखा केला. "घरी टीव्ही चालू राहते," त्या म्हणाल्या. पण त्या दिवशी घरी जाताना दोघं बरोबरीनं चालत होते. एरवी भाऊ चार पावलं पुढे असतात.

आता शेवटचा किस्सा सांगतो. बंडूभाऊ आज ठणठणीत आहेत, नाहीतर हा सांगायची माझी हिंमत नव्हती.

त्या सकाळी ताई शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष न्यायला सांगत होत्या. पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात, डोक्यापर्यंत जायचं, मधलं काही गाळायचं नाही. बंडूभाऊ मध्येच म्हणाले, "ताई, हा जबडा माझा नाही वाटून राहिला."

सगळे हसले. मीही हसलो, त्यांचं नेहमीचंच. शोभावहिनी हसल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. थंडीचे दिवस, आणि सदरा घामानं ओला.

"भाऊजी, गाडी काढा," एवढंच त्या म्हणाल्या.

गाडीत दोघं मागे बसले. वहिनींनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला होता. आरशात ते दिसत होतं, म्हणून मी आरशात पाहणं सोडून दिलं.

दवाखान्यात पोचताच त्यांना पलंगावर झोपवलं. नर्स छातीला वायरी लावू लागली. एक तरुण डॉक्टर धावत आला. "काका, नेमकं कुठे दुखतंय?"

बंडूभाऊंनी डोळे मिटले. एक लांब श्वास घेतला.

"उजव्या पायाचा अंगठा," ते शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. बाकीची बोटं... ठीक. तळवा, जरा थंड. टाच..."

"काका, छातीचं सांगा. छातीत दुखतंय का?"

"पोटरी... जड."

डॉक्टरनं हैराण होऊन आमच्याकडे पाहिलं. वहिनींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तरी त्यांनी त्याची बाही धरली आणि त्याला जरा बाजूला घेतलं.

"डॉक्टरसाहेब, त्यायले मधात टोकू नका," त्या म्हणाल्या. "नाही तं पुन्हा अंगठ्यापासून सुरू करतीन."