कोपीतलं आभाळ

आमच्या वस्तीवर रखमाजीचं नाव निघालं की लोक आधी आभाळाचं बोलतात, मग माणसाचं.

तिसगावच्या पलीकडं माळाला आमची वस्ती. दिवाळीच्या पुढं-मागं निम्मी घरं ऊस तोडायला जातात, उन्हाळ्यात माघारी येतात. आली की बुद्धपौर्णिमेचं नाटक. बोलणं थोडं, गाणं लई. विहाराच्या पांढऱ्या भिंतीपुढं फळ्यांचं स्टेज. शेवटच्या प्रवेशात सिद्धार्थ पिंपळाखाली बसतो, त्याला ज्ञान होतं. तिथं मागं आभाळ लागतं. ते करायचं रखमाजीनं.

आणि ते त्याला जमत नव्हतं. एका साली निळ्या कापडावर चंदेरी कागदाच्या चांदण्या डकवल्या. पुढंच बसलेली त्याची बायको भागिरथी मोठ्यानं म्हणाली, “आवो, नवरदेव कवा येनार?” बाया हसल्या, पोरं हसली, सिद्धार्थ होऊन डोळे मिटून बसलेला नितीनसुद्धा हसला. सिद्धार्थाला हसता हसता ज्ञान झालं. पुढच्या साली काळं कापड, त्यावर पांढरे ठिपके. ही चंद्रकळा वाळत कुणी घातली, असं भागिरथीनं विचारलं. पुन्हा तेच. रखमाजीला तिचा राग आला नाही. जन्मभर पहाटे उघड्यावर चूल पेटवलेली बाई. तिला हसू येतंय म्हणजे आभाळच चुकलंय, एवढं त्याला कळत होतं.

यंदा उसाच्या फडावर त्याला ताप भरला. सगळी टोळी उसात, हा एकटा कोपीत, पाचटाच्या खोपटात. ऊसतोड्या भर दुपारी कोपीत कधी नसतोच. अंधारात जातो, अंधारात येतो. त्या दुपारी रखमाजीनं पहिल्यांदा वर पाहिलं. छपराच्या काळ्या ताडपत्रीला कैक सालांची भोकं पडलेली, चुलीच्या ठिणग्यांची, पाचटाच्या टोकांची. बाहेर ऊन रखरखत होतं आणि आत चांदण्याच चांदण्या. काही बारीक, काही ठळक, कुठं दाट, कुठं विरळ. वाऱ्यानं ताडपत्री हलली की लुकलुकायच्या. तो ताप विसरून बघत राहिला. संध्याकाळी भागिरथीला सांगितलं, तर तिनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

घरी आल्यावर ती ताडपत्रीला ठिगळं लावायला बसली. पुढच्या हंगामाला डोक्यावर तीच असणार. नाटकापर्यंत राहू दे, तो म्हणाला.

“लोकांनी कोपी बघितली न्हाई का? नाटकात बी तीच दावता व्हय?”

मागनं सगळी भोकं मी बुजवतो म्हणाला, तेव्हा तिनं सोडली.

पौर्णिमेला दिवस बुडाल्यावर ताडपत्री भिंतीपुढं अंतर राखून ताणली. नितीन पिंपळाखाली बसला. पुढचे दिवे घालवले आणि मागं भिंतीवर हॅलोजन मारला.

पेटीवाल्याचा हात थांबला. वर पुरा चंद्र. त्याच्या उजेडात खऱ्या आभाळाला चांदणी राहिली नव्हती. सगळ्या खाली उतरून सिद्धार्थामागं उभ्या राहिल्या होत्या. वारं आलं आणि ते आभाळ श्वास घेतल्यागत हललं. असल्याच छपराखाली आम्ही झोपलो होतो, जेवलो होतो, भांडलो होतो.

रखमाजी आडोशाला उभा राहून बायकोच्या तोंडाकडं बघत होता. ती हसली नाही. मग शेजारच्या झुंबरबाईला बोटानं दाखवत हळू सांगायला लागली, “ती रांग बैलानं शिंग घातलं तवाची. आन त्यो मोठा, माझ्या करणला ताप हुता त्या रातीचा. चूल इझूच दिली न्हवती मी.” झुंबरबाई मान हलवत एकेक बघत होती.

नाटक सुटल्यावर रखमाजीनं विचारलंच, “आज नवरदेव आला न्हाई का?”

“न्हाई,” भागिरथी म्हणाली. “आज आभाळच हुतं.” मग ताडपत्रीची घडी त्याच्या हातात दिली. “उद्यापासनं बुजवा. अवकाळीत मला डोक्यावर चांदन्या नकोत.”

रखमाजी अजून बुजवतोय. एकेका भोकाला आधी डोळा लावतो, मग ठिगळ. त्यामुळं काम काही सरत नाही, आणि भागिरथी रोज त्यावरून बोलते.