जयपूरहून आलेली सावली

बारावीनंतर मला इंजिनिअरिंगला जायचं होतं. मला जायचं होतं की बाबांना मला पाठवायचं होतं, हे तेव्हा कधी वेगळं करून बघितलं नव्हतं. रहिमतपुरात आमचं कापडाचं दुकान. गिऱ्हाइकांना बाबा दोन वर्षं सांगत होते, मुलगी इंजिनिअर होणार. प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या, हवं ते कॉलेज मिळालं नाही, आणि शेवटी सांगलीला मावशीकडं राहून मी बी.एस्सी.ला नाव घातलं. बाबा म्हणाले, "हे एक वर्ष काढ. पुढच्या वर्षी परत परीक्षा दे." त्यामुळं वर्गात माझं लक्ष नसायचंच. इथून जायचंय, मग जीव कशाला लावायचा?

उशिरा प्रवेश घेतल्यामुळं माझा हजेरी क्रमांक शेवटून दुसरा होता. शेवटचा ज्यांचा होता ते पहिल्यांदा वर्गात आले तेव्हा सगळी पोरं उभी राहिली. सर आले असं वाटलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बारीक कापलेले केस, खांद्याला शाळेच्या पोरांसारखी सॅक. ते सरळ मागच्या बाकावर जाऊन बसले, तेव्हा वर्गात एकच हशा झाला. पलूसजवळच्या गावचे, घरचा ऊस. बारावी सायन्स झाल्या झाल्या सैन्यात भरती झालेले आणि आता पेन्शनवर घरी आलेले. दुसऱ्या दिवसापासून सगळे त्यांना फौजीच म्हणायला लागले.

प्रॅक्टिकलला जोड्या हजेरीच्या क्रमानं लागल्या, म्हणून फौजी माझ्या वाट्याला आले. पहिलं प्रॅक्टिकल साध्या लोलकाचं. मी म्हटलं, "काका, तुम्ही हेलकावे मोजा, मी स्टॉपवॉच धरते."

"काका नगं गं. माझी पोरगी आत्ता चौथीत हाय. दादा म्हण."

दादांनी हेलकावे मोजायला सुरुवात केली ती कवायतीच्या आवाजात. सगळी लॅब वळून बघायला लागली. मॅडम आल्या. त्या दादांहून वयानं लहानच असतील. "मनात मोजा," म्हणाल्या. मनात मोजताना दादा चुकायला लागले. परत पहिल्यापासून. त्या दिवशी लॅबमधून सगळ्यांत शेवटी बाहेर पडलो ते आम्ही दोघं.

वर्गात मॅडमनी काही विचारलं की दादा ताडकन उभे राहायचे, हात दोन्ही बाजूंना सरळ. "बसून सांगा," असं मॅडम म्हणायच्या. "बसून सुचत न्हाई मॅडम," असं ते सांगायचे. पोरं हसायची, त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. पुस्तकं इंग्रजी होती. आधी शब्दाचा अर्थ लावायचा, मग वाक्याचा, मग त्यातल्या गणिताचा, असं त्यांचं चालायचं. एका पानाला सकाळ जायची.

एकदा मॅडम 'कार्य' शिकवत होत्या. बल लावलं आणि वस्तू हलली, तरच कार्य झालं. दिवसभर भिंत ढकलली आणि भिंत हलली नाही, तर कार्य शून्य. आम्ही सगळ्यांनी ते लिहून घेतलं. दादा उभे राहिले.

"मॅडम, एक इचारू? म्हंजे जागचं न हलता दिवसभर पहाऱ्याला हुबं ऱ्हायलं, तर ते बी शून्यच का?"

वर्गात नेहमीचं हसू उमटलं, पण ते अर्ध्यातच थांबलं. कारण ते गमतीनं विचारत नव्हते. मॅडमनी खडू खाली ठेवला. "हे पुस्तकातलं कार्य आहे, दादा," त्या म्हणाल्या. त्याही त्यांना दादा म्हणतात हे आम्हाला त्या दिवशी कळलं. "भिंतीवर शून्य. तुमच्या स्नायूंच्या आत शून्य नाही. तिथं प्रत्येक धागा आखडतो, सुटतो, पुन्हा आखडतो. म्हणून तर माणूस उभ्याउभ्या दमतो. फक्त ते बाहेरून मोजता येत नाही."

दादा मान हलवून खाली बसले. मी मात्र तो तास विसरले नाही. बारावीपर्यंत ती व्याख्या मी कितीदा तरी पाठ म्हटली होती. ती कुणाला लागू शकते, हे कधी मनात आलं नव्हतं.

पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला. मी पास झाले, दादा फिजिक्सच्या थिअरीत नापास. कॅन्टीनच्या पायरीवर ते डबा न उघडता बसले होते. मी शेजारी बसून विचारलं, "दादा, तुम्ही कशाला हे मागं लावून घेतलं?"

"बारावीला फिजिक्स लय आवडायचं. भरती निघाली, गेलो. न जाऊन करतो काय? वर बर्फात चौकी हुती आमची. आभाळ असं डोक्याला टेकतंय म्हणायचे सगळे. मी कवा वर बघितलंच न्हाई बघ. सगळं ध्यान समोरच्या डोंगरावर. आता वाटतं, र्‍हायलेलं बघून घ्यावं." मग डबा माझ्यापुढं सरकवत म्हणाले, "खा. परत बसू परीक्षेला. त्यात काय."

दुसऱ्या सेमिस्टरला खगोलशास्त्राचा एक पेपर होता. शिकवायला मॅडमच. मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात त्या सुमाराला त्यांनी एक काम दिलं. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या बरोबर वर असतो. भर दुपारी सरळ उभी काठी रोवायची, सगळ्यांत आखूड सावली मोजायची. तिच्यावरून जो कोन निघतो तोच आपल्या गावाचा अक्षांश. "आणि उत्तर-दक्षिण दूरच्या दोन गावांत एकाच दिवशी सावली मोजली," मॅडम म्हणाल्या, "तर दोन कोनांतला फरक आणि मधलं अंतर यांवरून सबंध पृथ्वीचा घेर काढता येतो. बघा, कुणाचं बाहेरगावी कोणी आहे का."

मी बाबांचं नाव सुचवलं, कारण दुसरं कोणी सुचेना. बाबांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे कॉलेजात शिकवतात?" पण मोजतो म्हणाले.

दादांनी मेव्हण्याला गाठलं. विट्याकडची माणसं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायची दुकानं घालून देशभर पसरली आहेत. दादांच्या बायकोचा भाऊ त्यातलाच, जयपूरला. दादांनी फोन स्पीकरवर टाकला होता.

"दाजी, गिऱ्हाईक सोडून काठीची सावली मोजत बसू व्हय?"

"पाच मिन्टाचं काम हाय रं."

"हितलं लोक म्हणतील येडा झाला."

"म्हणू दे. सावली तेवढी नीट मोज."

त्या दिवशी कॉलेजच्या मैदानावर आम्ही मीटरची काठी रोवली, ओळंब्यानं सरळ केली. सावली सगळ्यांत आखूड झाली ती बाराला नाही, साडेबारा होऊन गेल्यावर. का, ते मॅडमनी तिथंच उन्हात समजावलं: घड्याळ सबंध देशाचं एक, सूर्य ज्याचा त्याचा. सावलीच्या टोकाला मी खडा ठेवायची आणि सावली तो खडा सोडून पुढं सरकायची. काठी जागची हलत नव्हती, आम्ही हलत नव्हतो. मग सरकत होतं ते काय? पृथ्वी फिरते हे पहिलीपासून माहीत होतं. पायाखाली ते पहिल्यांदा जाणवलं, आणि मी चटकन दुसरा पाय टेकवला.

आधी बाबांचा आकडा आला. गणित केलं तर पृथ्वी खऱ्या पृथ्वीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीसुद्धा भरेना. मॅडम हसल्या. रहिमतपूर आणि सांगली फार जवळ, सावलीत फरक बोटभराचा, त्यामुळं मोजण्यातली बारीक चूकही सगळा हिशोब खाऊन टाकते. मग जयपूरचा फोटो आला. दुकानाच्या गच्चीवर पत्र्याच्या डब्यात वाळू भरून काठी उभी केलेली, शेजारी टेप ताणून धरलेली, आणि कोपऱ्यात मेव्हण्याच्या कोल्हापुरी चपलेचं टोक. सावली काठीच्या निम्म्या लांबीला टेकलेली. सांगलीत ती तिसऱ्या हिश्श्याच्याही आतच होती.

दोन कोनांत दहा अंशांचा फरक निघाला. दादांनी नकाशावरचं सरळ अंतर घेतलं, गुणाकार केला, खोडला, परत केला. उत्तर चाळीस हजार किलोमीटरच्या अगदी जवळ आलं. त्यांनी लगेच मेव्हण्याला फोन लावला आणि एवढंच म्हणाले, "आली रं बरोबर. पृथ्वी आली बरोबर."

तिकडून आवाज आला, "मग? माप चुकंल का माझं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांचा फोन आला. त्या वेळी ते दुकान सोडून कधी फोन करत नाहीत. "आज परत मोजली गं," ते म्हणाले. "कालच्यापेक्षा दोन बोटं कमी भरली. काल काठी कलली असणार. आज विटा लावून धरली होती." त्यांना कुणी परत मोजायला सांगितलं नव्हतं. मी मैदानाच्या कडेला बसून त्यांचा नवा आकडा वहीत उतरवून घेतला.

सुट्टीत घरी गेले तेव्हा दुकानात ठाण गुंडाळता गुंडाळता त्यांनी विचारलं, "मग, परीक्षा देणार ना परत?"

"नाही देत."

"नक्की?"

"अगदी नक्की असं नाही. पण इथंच राहावंसं वाटतंय."

त्यांनी ठाण फळीवर ठेवलं, दुसरं उतरवलं. त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. मग म्हणाले, "मग नीट तरी शिक." नंतर गिऱ्हाइकांनी विचारलं की ते सांगायचे, मुलगी फिजिक्स करते. पुढं काय, हे त्यांना सांगता यायचं नाही. मलाही येत नव्हतं.

दादांचा पहिल्या सेमिस्टरचा पेपर तिसऱ्या खेपेला सुटला. आमच्यामागून वर्षभरानं त्यांची डिग्री झाली, तोवर मी एम.एस्सी.ला पुण्यात होते. हल्ली ते पलूसला सैन्यभरतीच्या एका अकॅडमीत पोरापोरींना विज्ञान आणि गणित शिकवतात. गेल्या दिवाळीत मी त्यांच्या घरी गेले होते. वहिनींनी चहा आणला आणि तक्रारीच्या सुरात सांगितलं, "आवं, पोरं काय इचारतील म्हणून ह्ये अजून पहाटं उठून वाचत बसत्यात."

"चुकलं तर पोरं सांगत्यात की तोंडावर," दादा म्हणाले. मग माझ्याकडं वळून विचारलं, "तुझं फिजिक्सचं काय चाललंय? नीट सांग, सावकाश. मला कळंल असं."

मी सांगायला लागले. मध्येच त्यांनी मला थांबवलं आणि एक शंका विचारली. तिचं उत्तर मला येत नव्हतं. तसं मी त्यांना सांगितलं, आणि चहा संपेपर्यंत आम्ही दोघं त्यावरच बोलत बसलो.