रेडिएटरातली हळद

मालकाची मोटार विलायती होती, लढाईच्या आधीची. पुण्यातल्या कुणीतरी टाकलेली, ह्यानं मिरवायला आणली. कॅनॉलवर ऊस झाला की माणसाला मोटार लागतेच. मी तिचा ड्रायव्हर. शाळा चौथीपर्यंत, बाकीचं ट्रकवर क्लीनरकी करून शिकलो. बारामतीच्या कडेला आमची राहती खोली होती, तीही मालकाचीच. गाडी खोलीपुढच्या अंगणात उभी असायची आणि ते अंगण माझी बायको सारवायची.

एका उन्हाळ्यात गाडी तापायला लागली. मालकाला कचेरीच्या कामानं इंदापूरला न्यायचं म्हटलं की वाटेत दोनदा थांबून पाणी पाजायचं. बॉनेट उघडलं की वाफ तोंडावर. मालक मागं बसून शिव्या द्यायचा. एकदा चारचौघांत म्हणाला, "अरं, बैलाला पानी दावायचं तरी कळतंय का तुला? आता गाडी उकळली, तर चावी हितं ठिवायची, खोली मोकळी करायची आन् चालायला लागायचं."

मी रोज सकाळी रेडिएटर गळ्यापर्यंत भरत होतो. त्याच्या डोळ्यांदेखत भरत होतो. पण आपण आणलेली मोटार खराब निघाली असं मोठ्या माणसानं कसं म्हणायचं? ड्रायव्हर खराब निघाला म्हणणं सोपं.

मला छापील वाचायला जड जायचं, पण बायको जमीन सरळ वाचायची. सारवता सारवता तिनं हाक मारली. "अवो, हिकडं या. ह्यो डाग बगा."

मोटारीच्या पोटाखाली, मधोमध, तळहाताएवढा काळा डाग. तिनं बोटावर घेऊन चोळला, नाकाशी नेला. "इंजनाचं तेल न्हाय ह्ये. त्ये येवढं चिकट नसतंय. आन् ह्येला फटाक्याच्या दारूवानी वास हाय."

मी खाली शिरलो. गिअरबॉक्सचं तेल होतं. बूच सोडलं तर तेलाबरोबर लाकडाचा भुसा बाहेर आला. विकणाऱ्या भामट्यानं गिअरचा आवाज दाबायला भुसा भरलेला! रॉकेलनं सगळं धुतलं, बुचाला नवं पॅकिंग दिलं, नवं जाड तेल भरलं. आता गिअर उघडउघड रडायचे, पण लागायचे तरी. डाग बंद झाला.

तर बाईचं एकदा खरं निघालं होतं. हे मी मुद्दाम सांगतोय.

चार दिवसांनी ती म्हणाली, "मधला डाग गेला. पन पुढं बगा. पुढं कोरडंच हाय. पानी गळतंय म्हन्ता, मग माज्या सारवनाला का दिसंना? हितं थेंब पडला तरी पोपडा निगतो." मग इंजिनातलं तेल बघायची सळई मी ज्याला पुसली होती, ते फडकं तिनं समोर धरलं. "आन् ह्ये तेल ताकावानी का दिसतंय?"

मी फडकं उजेडात धरलं. तीच म्हणाली, "पानी भायेर जातच न्हाय. ह्या तेलात चाललंय."

हेडाची गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या झाकणाखालची, पाणी आणि तेल वेगळं ठेवणारी पट्टी, फुटली होती. आज मी हे एका दमात सांगतो. त्या वेळी काय केलं, तर उठून गाडी मिस्त्रीकडं नेली.

मिस्त्रीचं गॅरेज बारामतीच्या स्टँडजवळ. बॉनेट न उघडताच तो म्हणाला, "रेडिएटर गळतोय. मूठभर हळद टाक, बसंल." तेव्हा सगळे तेच करायचे. हळद पाण्यात फुगते, बारीक भोकं बुजवते. बारीक गळती खरोखर थांबायचीही.

मी म्हणालो, "खाली कोरडं असतंय, मिस्त्री. तेल बी पांढरं दिसतंय."

"कोन म्हन्तं?"

"घरची."

गॅरेजातले सगळे हातातली कामं टाकून हसले. "मग वैनीलाच आन की हितं," मिस्त्री म्हणाला. "मी जातो तुज्या चुलीपुढं, भाकरी थापतो!"

मीही हसलो. त्या हसण्याबद्दल माझ्या थोबाडीत मारायला हवी होती कुणीतरी.

घरी येऊन हळद कुटायला सांगितली. ती म्हणाली, "गळतच न्हाय तर बुजवायचं काय?"

मी ओरडलो, "तुला काय कळतंय मोटारीतलं? कूट!"

तिनं कुटली. मिस्त्रीनं एक मूठ सांगितलेली, मी दोन टाकल्या. माझ्या हातानं.

दुसऱ्या दिवशी मालकाला घेऊन भिगवणवरून इंदापूरला निघालो. डाळजच्या अलीकडं इंजिनात ठोके पडायला लागले आणि एक हिसका बसून गाडी जागेवर थांबली. मालक तणतणत उतरला. मी पोतं धरून रेडिएटरचं टोपण जरा ढिलं केलं, तर ते उडालंच, आणि पिवळा रस्सा मालकाच्या पांढऱ्या धोतरावर. हळदीनं नळ्या चोंदून टाकल्या होत्या. रस्त्यानं जाणारे चार-सहा जण जमले होते. त्यातला एक म्हणाला, "तात्या, हळद लागली जनू! वऱ्हाड कुठं हाय?"

सगळे फिदीफिदी. मालकाचा चेहरा लाल. "कुनी टाकली ही हळद?"

मिस्त्रीचं नाव घ्यावं, तर तो मालकाचा माणूस, सरळ नाही म्हणणार. माझं घ्यावं, तर चावी आणि खोली दोन्ही गेली. मी म्हणालो, "बायकोनं, तात्या. मला न इचारता. तिला वाटलं, गळती थांबंल."

मालक एकदम खदाखदा हसला. हसायला दुसरं माणूस मिळालं होतं त्याला. "बायकूच्या हातात मोटार दिली व्हय रं!"

चावी राहिली, खोली राहिली.

बैल लावून गाडी बारामतीला आणली. मिस्त्रीनं माझ्यासमोर हेड काढलं. गॅस्केट पाण्याच्या भोकापासून तेलाच्या भोकापर्यंत फाटलेली. त्यानं ती बघितली, मी ती बघितली. त्यानं ती कोपऱ्यात भिरकावली आणि मालकाला म्हणाला, "वैनीनं इंजन मारलं."

बायकोला विहिरीवर बायकांकडून कळलं. आली, घागर उतरवली आणि एवढंच म्हणाली, "मी टाकली व्हय?"

"नोकरी तर ऱ्हायली ना," मी म्हणालो.

तिनं घागर उचलून आत नेली. दुसऱ्या सकाळी अंगण सारवलं. पुढं पाच वर्षं ती मोटार त्याच अंगणात उभी राहिली. कधी पाणी गळलं, कधी तेल. तिनं त्याबद्दल मला पुन्हा एक शब्द सांगितला नाही. डाग दिसला की त्याच्यावरून शेणाचा हात फिरवायची.

पण लोकांनी सोडलं नाही. म्हातारी होईस्तोवर ती मोटारीला हळद लावणारी. हळदीकुंकवाला गेली तरी कुणीतरी म्हणायचंच, "जपा गं, हिच्या हातात हळदीचा करंडा दिऊ नगा."

गेल्या महिन्यात तिचं तेरावं झालं. पंगतीत एकानं तीच गोष्ट काढली. वाईट हेतूनं नव्हे म्हणे, बिचारी भोळी होती म्हणून. तोंडात लाडू घेऊन पोरंटोरं हसली.

मी पानावरून उठलो. म्हणालो, "तिनं टाकली न्हाय. मी टाकली. तिनं आधीच वळकलं होतं आन् मी तिच्यावर ढकललं. मी खोटं बोललो."

पुतण्यानं माझं कोपर धरलं. "आबा, बसा. तरास करून घिऊ नगा." आणि मागं वळून हळूच बोलला, पण मला ऐकू गेलं. "काकी गेल्यापास्नं आसंच कायबाय बोलत्यात."

डाळजच्या रस्त्यावर मी खोटं बोललो, तेव्हा एकाही शहाण्यानं विचारलं नव्हतं, की त्या बाईनं मोटारीचं बॉनेट तरी कधी उघडलंय का. माझ्या घरात उभा राहून खरं सांगितलं, तर मला खाली बसवून पानात भात वाढला, वर तूप.