ओलं फडकं

दिल्लीत नव्या संसदेच्या छपरावर पाठीला पाठ लावून सिंह बसलेत. टीव्हीवर ते दिसले, की फकिराआप्पा म्हणतात, "ह्यांना मी पाणी पाजलंय."

खोटं नाही. सिंह आधी मातीत घडले, आप्पा कामाला होते त्या इथल्याच एका कारखान्यात. माती वाळली की तडकते, म्हणून आप्पा रोज सकाळी त्यांच्यावरची गोणपाटं भिजवायचे. मग धातू ओतायला साचा निघाला आणि मातीचे सिंह त्याच दुपारी फोडले. आप्पा तोंड पाडून घरी आले, तर बायको आवडाबाई हसून म्हणाली, "सिंहांचं झालं, आता मला च्या पाजा."

दोन वर्षांपूर्वी ती गेली. आप्पांनी कारखान्यातून घरी आणलेल्या उरल्या मातीत तिचा चेहरा घडवला. त्यावरचं फडकं ते रोज भिजवतात.

पुण्याहून लेक सुरेखा फोनवर रागावते. "आप्पा, चार दिस तरी या की इकडं!"

"माती तडकंल ना, माय."

"मग साचा काढून घ्या. पितळेच्या आईला पाणी लागणार नाय."

"साचा निघाला की माती फोडत्यात."

"फोडू द्या! चेहरा तर राहील."

"चेहरा राहील गं. पण सकाळी उठून मी करू काय?"

सुरेखानं हळूच विचारलं, "आज भिजवलं का?"

"नाय अजून."

"मग ठेवा फोन."

आप्पांनी फडकं बादलीत बुडवलं, पिळलं आणि चेहऱ्यावर टाकण्याआधी सवयीनं म्हणाले, "गार लागंल हां, आवडे."